रेतीखालची नदी ओळखणारे विश्वेश्वरय्या

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील रोहिणखेड हे अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतचे गाव. या पट्ट्यातील नदी-नाले पावसाळ्यात भरून वाहतात, दिवाळीनंतर रोडावतात आणि चैत्र उजाडेपर्यंत पात्रात बहुतेक रेतीच उरते. तरीही जुन्या पिढीला पात्रातले पाणी संपले असे कधी वाटले नाही. रेतीत हात-दोन हात खोल खड्डा करायचा, पहिले गढूळ पाणी उपसून टाकायचे आणि थोडा वेळ थांबायचे. मग तळातून पाझरत आलेले नितळ, गार पाणी वाटीवाटीने कळशीत भरायचे. वऱ्हाडात आणि खानदेशात याला झिरा म्हणतात.

हे पाणी नितळ का असते? रेती ही गाळणी आहे, एवढे उत्तर बहुतेकांना पुरते. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे उत्तर आरोग्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते समजून घेण्यासाठी एका अभियंत्याचे आयुष्य फार उपयोगी पडते. हे अभियंते म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. कृष्णराजसागर धरण, म्हैसूरचे दिवाणपद, भारतरत्न आणि १५ सप्टेंबरचा अभियंता दिन यांमुळे त्यांचे नाव सर्वांना माहीत आहे. झिऱ्याचे तत्त्व वापरून त्यांनी एका अख्ख्या शहराची तहान भागवली होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

पुण्यात घडलेला अभियंता

विश्वेश्वरय्यांचा जन्म आजच्या कर्नाटकातील चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी गावचा. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे जाणकार होते, पण घरची परिस्थिती बेताची. शालेय वयातच वडिलांचे छत्र हरपले. पुढचे शिक्षण बंगळूरला मामांच्या आधाराने आणि शिकवण्या करून झाले. सेंट्रल कॉलेजातून बी.ए. झाल्यावर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात अभियांत्रिकी शिकायला आले. १८८३ मध्ये एल.सी.ई. परीक्षेत ते पहिले आले, आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले.

हा काळ वैद्यकाच्याही दृष्टीने मोलाचा होता. पटकी, म्हणजे कॉलरा, दूषित पाण्यातून पसरतो हे लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये दाखवले होते, पण ते सर्वांना पटले नव्हते. विश्वेश्वरय्या नोकरीला लागले त्याच सुमारास, १८८४ च्या प्रारंभी, जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख कलकत्त्यात पटकीच्या जीवाणूवर काम करत होते. रुग्णांच्या आतड्यात त्यांना सापडलेला जीवाणू ज्या तळ्याचे पाणी लोक पीत होते त्यातही मिळाला. यामुळे पाणीपुरवठा हा केवळ सोयीचा प्रश्न राहिला नाही. पाणी कुठून घ्यायचे आणि कसे गाळायचे हे ठरवणारा अभियंता किती माणसे दगावणार, याचाही निर्णय करू लागला.

विश्वेश्वरय्यांची सुरुवातीची वर्षे नाशिक आणि खानदेशात गेली. धुळ्याजवळ पांझरा नदीच्या पाटासाठी नळाचा सायफन बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. भर पावसाळ्यात, पुराला तोंड देत ते पार पडले. पांझरा ही तापीची उपनदी. मोताळा परिसराचे पाणीही पूर्णेतून अखेर तापीलाच जाते. दोन्हीकडच्या नद्यांचा स्वभाव सारखा आहे. पावसाळ्यात अंगावर येणाऱ्या आणि उन्हाळ्यात रेतीखाली दडणाऱ्या या नद्या. तरुण अभियंत्याची नदीशी पहिली गाठ पडली ती अशा नदीकाठी.

सक्करचा पेच

१८९३ च्या अखेरीस त्यांना सिंध प्रांतातील सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम देण्यात आले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होता. शहर सिंधू नदीच्या काठी, म्हणजे पाण्याला तोटा नाही. अडचण वेगळीच होती. सिंधूचे पाणी हिमालयापासूनचा गाळ घेऊन येते आणि कमालीचे गढूळ असते. ते उंच टेकडीवरच्या टाकीत चढवून शहराला द्यायचे, तर आधी गाळायला हवे. त्यासाठी मोठमोठे रेतीचे हौद बांधावे लागतात, आणि तेवढा पैसा नगरपालिकेकडे नव्हता.

विश्वेश्वरय्यांनी वेगळा मार्ग काढला. गाळण्यासाठी रेतीचा हौद बांधायचा कशाला, नदीने तो आधीच अंथरून ठेवला आहे. काठाजवळ नदीच्या पात्रातच त्यांनी गोल विहीर खोदून घेतली. विहिरीत रेतीतून पाझरलेले पाणी जमू लागले. ते पुरेसे मिळावे म्हणून विहिरीच्या तळातून नदीच्या प्रवाहाखाली भुयार नेले. वरून गढूळ सिंधू वाहत होती आणि खाली भुयारात स्वच्छ पाणी उतरत होते. तेथून ते पंपाने टेकडीवर चढवले गेले. १८९५ मध्ये हे काम पूर्ण झाले.

जगात ही युक्ती अगदीच नवी नव्हती. ग्लासगोमध्ये १८१० मध्ये क्लाइड नदीकाठी झिरपलेले पाणी गोळा करण्यात आले होते. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहर १८७० पासून ऱ्हाइनच्या काठावरील विहिरींवर अवलंबून होते. पण तिशीच्या आसपासच्या एका अभियंत्याने, पैशाची चणचण असताना, सिंधूसारख्या बलदंड नदीच्या पोटात शिरून हे साधले, हे लहान काम नव्हते.

याच काळात युरोपात रेतीच्या सामर्थ्याची मोठी परीक्षा झाली. १८९२ मध्ये हॅम्बर्ग शहरात पटकीची साथ आली आणि साडेआठ हजारांवर माणसे दगावली. हॅम्बर्ग एल्ब नदीचे पाणी न गाळता पीत होते. शेजारचे आल्टोना शहर त्याच नदीचे, तेही हॅम्बर्गचे सांडपाणी मिसळल्यानंतरचे पाणी घेत होते. पण ते पाणी रेतीतून गाळले जाई. आल्टोना बऱ्याच अंशी बचावले. दोन्ही शहरांची हद्द एकमेकांना लागून होती, आणि साथ जणू त्या हद्दीवर थांबली. कॉख यांनी या घटनेचा अभ्यास करून रेतीच्या गाळणीचे महत्त्व ठामपणे मांडले.

रेतीच्या पोटात काय चालते

आता झिऱ्याच्या प्रश्नाकडे वळू. रेतीच्या कणांमधली फट साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी धरू. पटकीचा जीवाणू त्याहून कितीतरी पटींनी लहान, लांबीला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट. कावीळ किंवा पोलिओचा विषाणू तर त्याच्याहीपेक्षा कितीतरी पटींनी लहान. म्हणजे रेती ही नुसती चाळणी असती, तर गाळ अडला असता आणि जंतू आरामात खाली उतरले असते. गढूळपणा गेला असता, पटकी गेली नसती. आल्टोना वाचले याचा अर्थ रेतीत चाळण्यापलीकडचे काहीतरी घडत होते.

ते असे. रेतीचा प्रत्येक कण काही दिवसांतच जीवाणूंच्या बुळबुळीत थराने माखला जातो. पाण्यातून येणारे सेंद्रिय द्रव्य, कुजलेली पाने, विरघळलेली घाण हे या जीवाणूंचे अन्न. बाहेरून आलेला रोगजंतू या चिकट थराला लागून अडकतो. तेथे त्याला अन्न मिळत नाही, कारण स्थानिक जीवाणू त्याच्याआधी सारे फस्त करतात. त्यांच्यावर चरणारे एकपेशीय प्राणी त्यालाही गिळतात. माणसाच्या शरीराबाहेर फार काळ तग धरणे या जंतूंच्या स्वभावात नसल्याने अनेक जंतू वाटेतच मरतात. थोडक्यात, रेती गाळते कमी आणि पचवते जास्त. तिला चाळणीपेक्षा आतड्याची उपमा अधिक शोभेल. आतड्यात जसे कोट्यवधी सहजीवी जीवाणू नांदतात आणि बाहेरच्या जंतूंना सहसा थारा देत नाहीत, तसेच नदीच्या तळाचे आहे.

हे आतडे जिवंत राहते ते दोन पाण्यांच्या भेटीमुळे. वरून नदीचे पाणी रेतीत शिरते. ते आपल्याबरोबर हवेतला विरघळलेला प्राणवायू आणि ताजे सेंद्रिय द्रव्य आणते. वाहत्या, स्वच्छ पाण्यात लिटरमागे सात-आठ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. खालून आणि बाजूंनी भूजल येते. ते महिनोन्‌महिने खडकांतून, मातीतून फिरलेले असते. त्यात प्राणवायू बहुधा कमी असतो, क्षार जास्त असतात आणि शेतातून झिरपलेले नायट्रेटही असते. भूजलाचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. झिऱ्याचे पाणी ऐन वैशाखात गार लागण्यामागे हेही एक कारण आहे.

ही दोन पाणी रेतीत एकमेकांत मिसळतात. कुठे नदी खाली उतरते, कुठे भूजल वर येते. पात्रातला उंचवटा, दगड, वळण, प्रत्येक ठिकाणी दिशा बदलते. ऋतूप्रमाणेही बदलते. पावसाळ्यानंतर आजूबाजूच्या शिवारातील भूजलाची पातळी उंच असते. तेव्हा भूजल नदीला पाणी देते आणि दिवाळीनंतरही धार टिकते. पुढे विहिरी उपसल्या जातात, पातळी नदीच्या तळाखाली जाते आणि मग नदीच जमिनीत मुरू लागते. पाणी कुठल्या दिशेने जाते त्यावर रेतीत कोणते जीवाणू नांदणार आणि ते कोणती रसायने घडवणार, हे ठरते.

नदीतळाच्या या मिसळणीच्या थराला आज हायपोरिक झोन म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ प्रवाहाखालचा भाग. हे नाव ट्रायान ओर्गिदान या रुमानियन शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये दिले. तेव्हा विश्वेश्वरय्या हयात होते. सक्करचे भुयार खणले जाऊन साठहून अधिक वर्षे लोटली होती. ज्या थराला नावही नव्हते, त्याच्याकडून त्यांनी काम करून घेतले होते.

प्राणवायू संपल्यावर

रेतीतल्या जीवाणूंनाही अन्न जाळायला प्राणवायू लागतो. तो आहे तोवर ते तोच वापरतात. तो संपला की स्वस्थ बसत नाहीत. आधी नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि त्यातला नायट्रोजन वायुरूपाने हवेत सोडून देतात. ही माणसाच्या फायद्याची गोष्ट आहे. युरिया आणि शेणखतातून आलेले नायट्रेट पिण्याच्या पाण्यात जास्त झाले, तर बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते आणि बाळ निळे पडू शकते. म्हणून पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा भारतीय मानकाने घातली आहे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. नदीतळाची निरोगी रेती मात्र हे काम फुकटात करते.

पण या साखळीला दुसरी बाजूही आहे. नायट्रेटही संपले की जीवाणू मँगनीज आणि लोहाकडे वळतात. मातीत घट्ट बसलेले हे धातू मग पाण्यात विरघळतात. काही प्रदेशांत त्यांच्याबरोबर आर्सेनिकही सुटते. त्यानंतर सल्फेटची पाळी येते आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. विहिरीतून काढलेले नितळ पाणी तासाभरात तांबूस होते, भांड्याला गंजाचा थर बसतो, तेव्हा खाली प्राणवायू संपला आहे असे समजावे. पाणी बाहेर हवेला लागते आणि विरघळलेले लोह पुन्हा गंज होऊन खाली बसते.

नदीत थोडे सेंद्रिय द्रव्य असले तर रेती ते पचवते. गावाचे सांडपाणी, गोठ्याची घाण, कारखान्याची मळी रोज येऊ लागली, तर या आतड्याला अजीर्ण होते. प्राणवायू वरच्या थरातच संपतो, फटी बुजतात, पाणी खाली उतरेनासे होते. जी रेती काल शुद्ध करत होती, तीच आज लोह, मँगनीज आणि दुर्गंधी पुरवू लागते.

पाण्याचा हिशेब मांडणारी वर्षे

सक्करनंतर विश्वेश्वरय्यांनी सुरतेत आणि मग पुण्यात काम केले. पुण्यात न्यायमूर्ती रानडे, गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी त्यांचा परिचय झाला. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. धरणाची भिंत न वाढवता सुमारे आठ फूट जादा पाणी साठवता येऊ लागले. पूर आला की दरवाजे पाण्याच्याच जोराने उघडत आणि ओसरला की मिटत.

नीरा कालव्यावरचे त्यांचे काम भूजलाशी थेट जोडलेले होते. कालव्याचे पाणी आले की ऊस सर्वत्र पसरतो, पाणी वारेमाप दिले जाते, जमिनीखालची पातळी वर चढते आणि क्षार वर येऊन रान खारवते. विश्वेश्वरय्यांनी गटवार पाणीवाटपाची पद्धत सुचवली. शेतकऱ्यांच्या जमिनीचे गट पाडायचे, त्यातल्या ठरावीक हिश्श्यालाच उसासाठी बारमाही पाणी द्यायचे, उरलेल्यात कमी पाण्याची पिके फिरवत घ्यायची. यातून पाणी अधिक गावांना पुरेल आणि जमीनही टिकेल, असा हा हिशेब होता. वरचे पाणी आणि खालचे पाणी वेगळे नाही, एकाला हात लावला की दुसरे हलते, ही जाण त्यामागे दिसते.

१९०४ मध्ये ते मुंबई सरकारचे सॅनिटरी इंजिनियर झाले. शहरांचा पाणीपुरवठा आणि सांडपाणी ही आता त्यांची मुख्य जबाबदारी होती. १९०६ मध्ये त्यांना एडनला पाठवण्यात आले. अरबस्तानच्या टोकावरचे हे बंदर तेव्हा मुंबई सरकारच्या अखत्यारीत होते. तेथे पाऊस नगण्य, समुद्राचे पाणी आटवून गोडे करावे लागे. विश्वेश्वरय्यांनी आसपासचा मुलूख पाहिला. उत्तरेला सुमारे तीस किलोमीटरवर लाहेज भागात डोंगरावरून उतरणारी एक नदी होती. तिचे पाणी रेतीत मुरत होते. त्या पात्रात विहिरी घेऊन झिरपलेले पाणी एडनला न्यावे, असे त्यांनी सुचवले. सिंधूत वरून पाणी वाहत होते, इथे पात्र बहुतेक कोरडे. तरी उत्तर तेच होते, रेतीखाली पाहा.

१९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत हजारो बळी घेतले. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. शहराच्या वरच्या अंगाला पूर अडवणारे जलाशय बांधावेत आणि शहरासाठी सांडपाण्याची व्यवस्था करावी, असा आराखडा त्यांनी दिला. त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर उभे राहिले. पूर अडवणाऱ्या या तलावांनी पुढे अनेक दशके हैदराबादला पिण्याचे पाणी दिले. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, १९१२ ते १९१८ दिवाण होते. कावेरीवरचे कृष्णराजसागर धरण, शिक्षण, उद्योग, बँक हा पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभरी पार केल्यानंतर, बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

नितळ म्हणजे निर्धोक नव्हे

त्यांच्या सक्करच्या कामात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८९५ मध्ये पाण्यात क्लोरीन टाकण्याची पद्धत रूढ नव्हती. अमेरिकेतील जर्सी सिटीने १९०८ मध्ये ती कायमस्वरूपी सुरू केली. म्हणजे सक्करकरांच्या आणि रोगजंतूंच्या मध्ये उभी होती ती फक्त रेती. ती किती जाड आहे, पाणी तिच्यातून किती सावकाश येते, यावर सारे अवलंबून होते.

हा वेळेचा हिशेब आजही तितकाच खरा आहे. जर्मनीत पिण्याच्या पाण्याच्या विहिरीभोवतीचे संरक्षित क्षेत्र आखताना ५० दिवसांचा नियम लावतात. ज्या जागेपासून जमिनीखालून विहिरीपर्यंत यायला पाण्याला ५० दिवस लागतील, तेथपर्यंत घाण टाकण्यास मज्जाव. तेवढ्या काळात बहुतेक रोगकारक जीवाणू मरतात, हा त्यामागचा आधार. या मापाने झिऱ्याकडे पाहिले तर त्याची मर्यादा लगेच कळते. झिऱ्यात येणारे पाणी वरच्या डबक्यातून काही तासांत आलेले असू शकते. ते नितळ दिसते, गार लागते, पण शेजारीच जनावरे बसत असतील किंवा वरच्या अंगाला लोक शौचाला जात असतील, तर त्यातून हगवण, विषमज्वर, कावीळ होऊ शकते.

महाराष्ट्रातील असंख्य गावांच्या नळयोजनांचा उद्भव आजही नदीकाठची किंवा पात्रातली विहीर हाच आहे. बुलढाण्यात त्याचे महत्त्व आणखी वाढते. जिल्ह्याच्या उत्तरेकडील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा पसरला आहे. तेथे खोल गेले की पाणी खारट लागते. डोंगराकडच्या बाजूला काळा बेसॉल्ट खडक आहे. त्यात पाणी साठायला जागा कमी, आणि पात्रातला रेतीचा थरही पातळ. जो काही आहे तो जपण्याशिवाय पर्याय नाही.

रेतीचा बेसुमार उपसा हा म्हणूनच केवळ महसूल खात्याचा विषय नाही. पात्रातली दोन मीटर रेती उचलली की दोन मीटर आतडे कापले जाते. पाण्याचा रेतीतला प्रवास तेवढा आखूड होतो. जिथे रेती पूर्ण निघून मुरूम किंवा खडक उघडा पडतो, तिथे पुराचे पाणी भेगांतून न पचताच विहिरीत शिरते. पात्र खोल गेल्याने आजूबाजूचे भूजलही लवकर वाहून जाते आणि विहीर महिना-दोन महिने आधी आटते. नवी रेती पुराबरोबर आली तरी तिच्यावर जीवाणूंचा थर पुन्हा बसायला वेळ लागतो. पावसाळ्याच्या पहिल्या पुरानंतर जुलाब-हगवणीचे रुग्ण वाढतात, त्यामागच्या कारणांत हेही एक असू शकते.

ग्रामपंचायतीच्या हाती यातल्या पुष्कळ गोष्टी आहेत. पिण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला रेतीघाट नको, सांडपाण्याचा नाला नको, उकिरडा नको. विहिरीचे कठडे पुराच्या पातळीच्या वर असावेत. जलसुरक्षकाने टीसीएल पावडर रोज, मापाने टाकावी आणि अर्ध्या तासानंतर नळाच्या टोकाशी ओटी टेस्ट करून लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे का ते पाहावे. येथेही नदीतळाची रसायने आड येतात. पाण्यात लोह, अमोनिया किंवा सेंद्रिय द्रव्य जास्त असेल तर तेच क्लोरीन खाऊन टाकतात आणि जंतूंसाठी काही उरत नाही. नेहमीएवढी पावडर टाकूनही चाचणीत पिवळा रंग येत नसेल, तर पावडरचा दर्जा तपासावा आणि उद्भवाचीही तपासणी करून घ्यावी. वर्षातून पावसाळ्याआधी आणि नंतर नायट्रेट, लोह व क्षार यांची तपासणी प्रयोगशाळेतून करून घेणे शहाणपणाचे.

घरात झिऱ्याचे किंवा नदीकाठच्या विहिरीचे पाणी येत असेल, तर ते स्वच्छ फडक्याने गाळून, उकळी फुटेपर्यंत तापवून, झाकून ठेवावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. तान्हे बाळ असलेल्या घरात नायट्रेटची तपासणी झालेलेच पाणी वापरावे, कारण या एका बाबतीत उकळणे कामाला येत नाही. वरच्या दुधाऐवजी सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध दिले, तर हा धोका जवळजवळ उरत नाही.

विश्वेश्वरय्यांच्या नावाने दरवर्षी धरणांची आणि पुलांची आठवण निघते. सक्करच्या भुयारात त्यांनी नदीवर काही उभारले नाही. पात्रात होती ती रेती राहू दिली, तिला पुरेसा वेळ दिला आणि तिच्या खालून पाणी घेतले. पात्रात रेती शिल्लक असलेल्या कोणत्याही गावाला, रोहिणखेडसह, हे आजही करता येण्यासारखे आहे.